टिकेल त्याला गुण

कॉलेजच्या संगणकाच्या खोलीत बसून बाई गुण मोजत होत्या. नियम त्यांचाच, मोठ्या हौसेने केलेला. कुणालाही लिहिता येतं अशा इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात प्रत्येकाने आपल्या गावाबद्दल लिहायचं, आणि सत्र संपताना जेवढी वाक्यं टिकतील तेवढे गुण. पुराव्याशिवाय लिहिलेलं तिथे कुणी ना कुणी खोडतंच, तेव्हा पोरं आपोआप पुरावे शोधतील असा बाईंचा हिशेब. पोरं बाईंच्या वरताण निघाली. बसथांबा कुठे आहे, शाळा किती मजली आहे, असलं त्यांनी लिहिलं. ते खोडायची तसदी कोण घेणार? सगळे झकास पास झाले होते.

राहिली होती एकटी खोडरबर. एक ओळ लिहायची आणि दोन पुसायची म्हणून वर्गाने तिला ठेवलेलं हे नाव. तिने नदीवरच्या जुन्या पुलाबद्दल लिहिलं होतं. पुरात पुलाचा खांब खचला तेव्हा तिचे पाणबुडे आजोबा तळाशी उतरले आणि त्यांनी पूल वाचवला, अशी आजीने सांगितलेली ती हकिगत. कच्चा मजकूर वाचताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता पानावर त्यातलं अक्षरही नव्हतं. कुणी काढलं ते पाहिलं, तर तिनेच.

बाईंनी तिला शेजारी बसवून विचारलं. ग्रंथालयातली जुनी वर्तमानपत्रं तिने पालथी घातली होती. दुरुस्तीची बातमी सापडली, पण त्यात दुसऱ्याच पाणबुड्याचं नाव. आजोबांचं कुठेच नाही. आजी मात्र रोज विचारत होती, आलं का गं त्यांचं नाव?

"तुझा आजीवर विश्वास नाही का?"

"माझा आहे, बाई. पण म्हणून बाकीच्यांनी का ठेवावा?"

शून्य गुण म्हणजे पोरगी नापास, वर्ष वाया. वर्गातल्या सगळ्यांत जास्त राबलेल्या मुलीला शून्य द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"असं कर. घटकाभर परत टाक ते. मी मोजते, गुण लिहिते, मग काढून टाक."

तिने कीबोर्डवर बोटं ठेवली. बाईंना हायसं वाटलं. पण बोटं काही हलेनात.

"तेवढ्यात कुणी वाचलं तर, बाई?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सबंध सत्रात, त्यांच्यासकट, वाचणाऱ्याचा विचार कुणाच्या मनातही आला नव्हता.

गुणांचा कागद तसाच उचलून त्या प्राचार्यांच्या खोलीकडे निघाल्या, सगळ्या वर्गाचा निकाल थांबवायला.