खर्जातला आवाज

"आवाजाला पोटच नाही," सून म्हणाली. "माणूस पत्र्याच्या डब्यात बसून बोलतोय असं वाटतं."

कारागिरानं पिशवी खाली ठेवली. खाटेच्या उशाशी एका पातळ फळीवर वीतभर उंचीचे दोन स्पीकर होते. खाटेवर सासू बसली होती. तिला दिसत नव्हतं. शेजारी सकाळचं ताट तसंच झाकलेलं.

"आमचे हे बोटीवर असतात," सून सांगू लागली. "रेंज मिळाली की फोनवर चार शब्द बोलून पाठवतात, ते मी यावर लावते. पण हल्ली आई म्हणतात, हा माझा मुलगाच नव्हे. आणि मग घास घेत नाहीत."

"नाहीच आहे तो," सासू म्हणाली. "माझा मुलगा बोलला की खाट हलायची. हा कुठला चिमणा पकडून आणलाय हिनं."

"ऐकलंत? मोठे स्पीकर घेऊ का, दादा?"

"नको, ताई. एवढ्याशा डब्यातूनही खर्ज निघतो. नुसता बास वाढवला तर घुमेल, शब्द गढूळ होतील."

त्यानं स्पीकर फळीवरून काढून दोन जड स्टुलांवर, भिंतीजवळ मांडले. खाली रबराचे तुकडे सरकवले. लावून पाहिलं तर आवाज स्वच्छ झाला होता, पण अजून उपाशीच. मग त्यानं मागे वाकून पाहिलं आणि हसला.

"एकाच्या तारा उलट्या लागल्यात. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघांच्या भांडणात खालचे सूर मरतात. कुणी हात लावला होता?"

"कोण लावणार? घरात आम्ही दोघीच."

त्यानं तारा सरळ केल्या. सुनेनं फोनवरचं बटण दाबलं.

'आई, गोळी घेतलीस का? मला यायला जरा उशीर होईल. तू जेवून घे.'

खोल विहिरीतून भरलेली घागर वर यावी तसा तो आवाज आला, संथ आणि काठोकाठ. मागे कुठेतरी दाराची बेल वाजली. बोटीवरही बेल असते वाटतं, कारागिराच्या मनात आलं. सुनेचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते.

सासूनं खाटेच्या कडेवर तळवा टेकला. बराच वेळ तो तिथेच राहिला.

"तोच गं," ती म्हणाली. "वाढ मला."

सून डोळे पुसत ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. कारागीर तारांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळू लागला.

"पक्कं करू नकोस रे," सासू म्हणाली. "मला सोडवता आलं पाहिजे."

त्याचा हात थांबला. "तारा तुम्ही उलट्या केल्यात, आजी?"

"चाचपून होतं सगळं."

"पण आवाज तर त्यांचाच आहे."

"माझ्या पोटचा आवाज मी ओळखणार नाही? आज मलाही मोह आवरला नाही."

"मग नाही कशाला म्हणता?"

आत भांडी वाजत होती. सासूनं तिकडे कान दिला आणि आवाज खाली आणला.

"तो गेला, हे मला त्याच दिवशी कळलं, बाळा. माझ्यासाठी म्हणून ही तरुण पोर रोज त्या जुन्या आवाजापाशी येऊन बसते. मी नाही म्हटल्याशिवाय ती तिथून उठायची नाही."