सात दारांचं अंतर

चेअरमन सुंदररावांनी तीस वर्षांत वैजिनाथ पाटकऱ्याला एकदाही शाब्बास म्हटलं नव्हतं. आज सकाळपासून शिवकन्येला तीनदा म्हणून झालं होतं.

पाणी वापर संस्थेच्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता. पोरगी पुण्याला गणित शिकून आलेली. पडद्यावर धरणाच्या कालव्यातून निघालेल्या चारीवरच्या चाळीस शेतांचे चाळीस ठिपके. धरणात पाणी उरलं होतं जेमतेम एका पाळीचं. ते कुणाला कधी सोडायचं हे आजवर पाटकरी म्हणून वैजिनाथ तोंडी सांगायचा, आता ठिपके सांगणार होते. त्याच्या पोटात दुखत होतं, आणि कशानं दुखतंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"एक ठिपका म्हणजे एक शेतकरी," शिवकन्या म्हणाली. "तो फक्त जवळच्याकडं बघतो. जवळच्यानं पाळी मोडली, की हाही मोडतो."

"जवळचा म्हंजी कोण?" वैजिनाथनं विचारलं.

"ज्याचा बांध लागून हाय तो, काका."

वैजिनाथला मनातून हसू आलं. चारीच्या तोंडाशी शेत असलेला अर्जुनराव बांधाशेजारच्याकडे ढुंकूनही बघत नसे. त्याचा डोळा शेतात पाणी सोडायची सात दारं ओलांडून खाली, भांडून वेगळा निघालेल्या भावावर, मोहनराववर. आपलं दार बंद असताना मोहनरावच्या शेतात पाणी दिसलं, की हा वरून चारीच अडवणार. म्हणून वैजिनाथ दोघांची दारं एकाच दिवशी उघडायचा. हे कुठल्याही कागदावर नव्हतं.

चारी अडली की सुकायचं ते शेवटचं शेत. ते वैजिनाथचंच होतं. दोनशे मोसंबी, दोन वर्षं टँकरनं जगवलेली.

शिवकन्येनं बटण दाबलं. वरून खाली एकेक ठिपका हिरवा होत निघाला. अर्जुनराव पहिल्या दिवशी, मोहनराव चौथ्या.

"शाब्बास!" सुंदरराव म्हणाले. "हीच पाळी. ठराव घ्या."

पण शिवकन्या वैजिनाथकडे वळली. "काका, चारी तुमच्या पायाखालची. माजं कुठं चुकत आसंल तर सांगा."

तिनं मनापासून विचारलं होतं, तेच त्याला जास्त झोंबलं. सांगितलं तर तेही त्या यंत्रात जाणार, आणि पाचवं शाब्बासही तिलाच.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "लई बेस झालंय."

तेवढ्यात तळाचा ठिपका हिरवा झाला.

"हा तुमचा, काका. बघा, शेवटपर्यंत पुरलं पाणी."

वैजिनाथनं मान डोलावली. त्याच्या झाडांवर इतका हिरवा रंग त्यानं दोन वर्षांत पाहिला नव्हता.