छल्ला

बाईच्या नावावर घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का वाचतो, म्हणून शंभूराजनं कराडचा नवा फ्लॅट बायकोच्या, रेश्माच्या नावावर घेतला. कर्जही तिच्याच नावावर. नर्सचा पगार पक्का. रोज तिचा मोबाईल तपासणाऱ्या नवऱ्याला सोडायचं तिनं कधीच ठरवलं होतं. मिरजेत गुपचूप घेतलेल्या खोलीची किल्ली पर्समध्ये होती. घर नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. "अंगठा ठेवा, मॅडम," नोंदणी कार्यालयातला कारकून म्हणाला. तिनं ठेवला. बाहेर व्हरांड्यात सासूनं पेढा भरवला, आपल्या कमरेचा चांदीचा छल्ला काढून त्यात फ्लॅटची किल्ली ओवली. "नशीब काढलंस, पोरी." आधारकार्ड ठेवताना पर्समधली किल्ली फरशीवर पडली. "ही कशाची?" शंभूराजनं विचारलं. "हॉस्पिटलातल्या लॉकरची." सासूनं ती उचलली, छल्ल्यात अडकवली आणि छल्ला रेश्माच्या कमरेला खोचला. "आता हरवायची न्हाई."