शैलाच्या दंडावरची पट्टी

"मेल्या पट्टीने नुसती खाज सुटते," शैला बाही खाली ओढत पुटपुटली.

"हळू बोल, डॉक्टर चपला काढतायत," आईने दटावलं.

पट्टी खरं तर तिच्या थोरल्या बहिणीची, यमुताईची. लांबच्या शहरात शैलाचा बोन मॅरो ताईला दिला, तेव्हापासून दोघींच्या अंगात एकच रक्त तयार होत होतं. दंडाला चिकटलेली पट्टी ते घडोघडी तपासून त्याचे आकडे तिकडच्या हॉस्पिटलला आणि इथे देवरुखात डॉक्टर खातूंना फोनवर कळवायची. आकडे बिघडले की गाडी दारात, आणि ताई पुन्हा त्या हॉस्पिटलच्या काचेच्या खोलीत एकटी, घरच्यांनी काचेबाहेरूनच बघायचं.

परवा ताईचं अंग तापलं. "तिथे नको गं," म्हणून ती मुसमुसली, तेव्हा शैलाने पट्टी सोडवून मुकाट्याने स्वतःच्या दंडाला चिकटवली. पट्टीला रक्त कळतं, माणूस कुठे कळतो? आईने ते पाहिलं आणि ती पेज ढवळायला निघून गेली. तेव्हापासून घरात 'ताप' हा शब्द कुणी काढला नव्हता.

"आकडे तर नवरीसारखे सजलेत!" फोन बघत डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी ताईच्या कपाळावर हात ठेवला, तो उचलेचनात.

"चुलीपाशी बसली होती," आई म्हणाली.

"गोधडीच जाड आहे हो," शैला म्हणाली.

डॉक्टरांनी शैलाच्या फुगलेल्या बाहीकडे पाहिलं.

ताईनेच ती बाही वर सारली आणि पट्टी हलकेच सोडवली.

"ताप मला आलाय, डॉक्टर. गाडी बोलवा. काचेपर्यंत ही येईल माझ्याबरोबर."