नजीबची बाल्कनी

“ती बघा, निळ्या कठड्याची बाल्कनी. तुमचे मिस्टर तिथेच राहायचे, ताई. तेव्हा समुद्र पार इथपर्यंत होता. सकाळी उठलं की समोर पाणी.”

नजीबने हात वर केला आणि लगेच खाली सोडला. आजची ही तिसरी टूर होती. आखातातल्या मनामा शहराच्या जुन्या बाजारातल्या त्याच गल्ल्या, तीच वळणं, तेच विनोद. बावीस वर्षं लोकांना इतिहास दाखवून त्याच्या टाचा कामातून गेल्या होत्या. घोळक्यातले बाकीचे अकरा जण पलीकडे मसाल्याच्या दुकानात वास घेत उभे होते. मराठी बोलणारी ही एकटीच. चिपळूणची सुरेखा मोहिते. मुलगा सलील इथे बँकेत, राहायला पलीकडच्या अमवाज बेटावर. आईचा वेळ जावा म्हणून त्याने तिला टूरचं तिकीट काढून दिलं होतं. तिने मात्र सुरुवातीलाच नजीबला बाजूला घेऊन विचारलं होतं, “दोऱ्याच्या दुकानाच्या मागे, दुसरा मजला. आमचे हे बारा वर्षं तिथे होते. दाखवाल?”

असं विचारणारे वर्षाकाठी चार-पाच तरी भेटायचेच. कुणाचा बाप, कुणाचा भाऊ. पूर्वी नजीब खरी जागा दाखवायचा. मग एकदा महाडचा एक चांगला सुटाबुटातला माणूस बापाची खोली बघून जिन्यातच मटकन बसला आणि ढसाढसा रडला. तेव्हापासून नजीब सगळ्यांना ही बाल्कनी दाखवू लागला. घर एका व्यापाऱ्याचं, कधीचं बंद पडलेलं. समुद्र तर सुरेखाचे मिस्टर गणपत मोहिते इथे यायच्या कितीतरी आधीच भराव घालून मागे हटवलेला. पण नजीब तो गरजेप्रमाणे पुढे ओढायचा. लोक वर बघायचे, डोळे पुसायचे, फोटो काढायचे आणि समाधानाने पुढे चालू लागायचे. यात कुणाचं काय बिघडत होतं?

सुरेखाने फोटो काढला नाही. ती नुसती त्या निळ्या कठड्याकडे बघत राहिली.

“म्हणजे माझंच खरं होतं,” ती म्हणाली.

“काय ताई?”

“बारा वर्षं लिहीत होते, खोलीला खिडकीसुद्धा नाही, सहा जण झोपतो, तुला कुठे आणू? मला त्यातलं अक्षरही पटलं नाही. म्हटलं, तिकडे दुसरी कुणीतरी असणार. कायमचे परत आले, तरी मी टोमणे मारायची थांबले नाही. वाट्टेल ते बोलले. मागच्या वर्षी गेले. जातानासुद्धा म्हणाले, सुरेखा, खरंच खिडकी नव्हती गं.” तिने पर्स छातीशी गच्च धरली. “वाटलं, एकदा डोळ्यांनी बघावं. माझं चुकलं असेल तर निदान त्यांच्या फोटोपुढे हात जोडावेत. बरं झालं तुम्ही दाखवलंत.”

नजीबला त्या कठड्याकडे बघवेना. खरं बोललेल्या माणसाला आपण खोटारडा ठरवलं, तेही त्याच्या बायकोसमोर, आणि तो बिचारा उलटून बोलायलाही नाही.

गल्ली चुकली असं म्हणून भागलं नसतं. आता ती तोंडच्या शब्दावर कशाला विश्वास ठेवेल? तिला खोलीच दाखवायला हवी होती, आणि ती खोली हल्ली नजीब कुणालाच दाखवत नव्हता. शिवाय घोळका सोडून कुठे जायचं नाही, असा कंपनीचा कडक नियम. तो जरा घुटमळला. मग त्याने अकरा जणांना चहाच्या दुकानात नेऊन बसवलं. “फिफ्टीन मिनिट्स, रेस्ट,” असं सांगून तो परत आला.

“यल्ला ताई, चला. जिना जरा सांभाळून.”

दोऱ्याच्या दुकानामागे अरुंद बोळ होता. जिन्यात अंधार होता. नजीब दर चार पायऱ्यांनी थांबत वर चढला. दुसऱ्या मजल्यावर एकच दार होतं. त्याने ते वाजवलं नाही. खिशातून किल्ली काढली आणि उघडलं.

आत त्याने ट्यूब लावली. एकावर एक अशा खाटांच्या तीन जोड्या, दोरीवर टॉवेल, कोपऱ्यात कुकर आणि चारी बाजूंना भिंत. दाराजवळच्या खाटेपाशी खुंटीला टूर कंपनीचा शर्ट टांगला होता. अगदी नजीबच्या अंगात होता तसाच.

“सहा जण,” नजीब म्हणाला. “तेव्हाही, आताही. मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर खोली ही एकच, ताई.”

सुरेखाने एकेका भिंतीवरून हात फिरवला. चौथ्या भिंतीशी ती थांबली. “चुकले हो मी,” ती त्या भिंतीला म्हणाली, आणि नजीबच्या खाटेवर बसून रडली. नजीब दाराशी उभा राहिला. सहाला बस सुटायची होती, पण त्याने घड्याळ बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. तो टांगलेला शर्ट आता कुठे तिच्या ध्यानात आला.

“तुमच्या घरी माहीत आहे हे?”

“बायकोला, महमुदाला? नाय.” तो नजर चुकवत हसला. “दाभोळला घरात तिने भिंतीवर त्याच निळ्या बाल्कनीचा फोटो लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. तुमच्या मिस्टरांनी खरं लिहिलं, तर तुम्ही आयुष्यभर जळत राहिलात. मी खोटं सांगितलं. ती सुखात आहे.”

सुरेखाने पदराने डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

“एवढी बाल्कनी, समोर समुद्र,” ती म्हणाली, “तरी बावीस वर्षांत तिला एकदाही इथे आणलं नाहीत. ती काय समजत असेल हो, नजीबभाऊ?”