नादारी

१९५१ साल. वसईतल्या आमच्या हायस्कुलात मास्तरांचे पगार थकले होते, आणि अख्ख्या गावाला मुलांची नादारी, म्हणजे फीमाफी, हवी होती. हेडमास्तर फादर रुडॉल्फ यांनी रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर जाहीर केलं, "ज्यांच्या घरात गुंजभरही सोनं नाही, त्यांनाच नादारी मिळेल. मातेच्या सणाला अर्ज घेऊन या."

सणाच्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका ओक्याबोक्या गळ्यांनी चर्चमध्ये आल्या. आमचं गाव एका रात्रीत गरीब झालं होतं. एरवी केळीला पाणी लावतानाही गळ्यातली सोन्याची पोत न काढणारी एमिली, काचेची एकच बांगडी घालून शाळेच्या ऑफिसात सगळ्यांच्या पुढे उभी राहिली.

"मातेची शपथ, फादर," ती म्हणाली, "आज घरात गुंजभरही सोनं नाही."

"ठाऊक आहे मला," फादर म्हणाले.

तिच्यामागे उभ्या असलेल्या बायकांनीही तीच शपथ घेतली. फादरांनी एकीलाही उलट विचारलं नाही. अर्जांचा गठ्ठा केला आणि तो ठेवायला शाळेची तिजोरी उघडली.



गठ्ठा आत मावेना. "सणाला घरी कोणी नसतं, फादर, एवढं तुमच्याकडे असू द्या," म्हणत याच बायकांनी आदल्या संध्याकाळी एकेक करून आणून दिलेल्या दागिन्यांच्या डब्यांनी तिजोरी गच्च भरली होती.