दार बंद झाल्यानंतरचा भाग

चंपतरावांनी धाकट्या मुलीचा मोबाइल जितेंद्रच्या टेबलावर ठेवला, तो जरा आपटूनच.

"वाच गा हे. दामिनीनं लिहिलं. वाचण्यालायक असन तं राहू देतो, नसन तं आजच मिटवतो. बारावीचं वर्ष हाये तिचं. अन् पोट्टी म्हणते, मोबाइल फोडा, पण गोष्ट नका मिटवू."

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या त्या अभ्यासिकेत दुपारी कोणी फिरकत नसे. जितेंद्र ती चालवायचा आणि हाती पडेल ते वाचायचा, एवढीच त्याची ख्याती. चंपतरावांची पिठाची चक्की मागच्याच गल्लीत. भुवयांपासून चपलांपर्यंत सगळं पीठ. आपला चष्मा चक्कीवर राहिला, असं ते म्हणाले. चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता.

जितेंद्रनं मोबाइल हातात घेतला. साडेसातच्या मालिकेवरची गोष्ट होती. हल्ली पोरं असं करतात. मालिकेतली माणसं घेतात, पुढचं आपल्या मनानं लिहितात आणि अ‍ॅपवर टाकतात.

"म्हणजे दुसऱ्याचे लोकं उचलाचे," चंपतराव म्हणाले. "हे चोरीच झाली न?"

"पानभर वाचलं की समजते, काका. नुसती चोरी असली तं त्यात लग्न असते अन् लग्नाचे कपडे असते. मी अशा ढीगभर वाचल्या."

"अन् चांगली असन तं?"

"तं मालिका जिथून उठून जाते, तिथं लिहिणारा बसून राहते."

चंपतरावांना ते कळलं नाही. त्यांनी हातानंच, वाच, अशी खूण केली.

महिन्यापूर्वी त्या मालिकेत साखर कारखान्याचे मालक आबासाहेब यांनी मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीच्या तोंडावर दार बंद केलं होतं. अख्ख्या नागपुरानं त्यांना शिव्या घातल्या. कॅमेरा मुलीबरोबर रस्त्यावर गेला तो परत आलाच नाही. लिहिणाऱ्या पोरांनी आबासाहेबांना कुठे लकवा मारला, कुठे तुरुंगात घातलं. जितेंद्रनं भराभर भाग चाळले; दामिनी तेवढी दाराच्या आत, आबासाहेबांजवळ थांबली होती.

जितेंद्र वाचायला जरा कचरला. चंपतरावांची थोरली वैभवी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मर्जीनं लग्न करून गेली, तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. त्या दिवशी बंद झालेल्या दाराचा आवाज गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकला होता, त्यानंही. पण समोर बसलेल्या माणसानं विचारलं होतं, आणि वाचणाऱ्यानं खोटं वाचू नये. त्यानं मोठ्यानं सुरुवात केली.

"'आबासाहेबांनी दाराला कडी लावली. मग ते तिथंच उभे राहिले. आतून बाई म्हणाल्या, जेवायला चला. ते म्हणाले, पाय दुखतात, मी इथंच बरा आहे.'"

चंपतराव पंख्याकडे पाहत राहिले.

"पुढं तिनं एक चूक केली," जितेंद्र म्हणाला. "मालिकेत आबासाहेबाचा कारखाना आहे. इथं तो स्वतः चक्कीवर बसते. गोष्टीखाली कमेंटमधी वाचणाऱ्यायनं तिले लय सुनावलं त्याच्यावरून."

"चक्कीचं काय लिहिलं?"

"'दर पंधरा दिवसांनी एक शेजारीण बिननावाचा डबा आणते. कोणाचा, ते ती सांगत नाही आणि आबासाहेब विचारत नाहीत. आधी ज्वारी दळली असेल, तर ते आपल्या पोत्यातले मूठभर गहू पहिले चक्कीतून काढतात. म्हणजे ज्वारीचं पीठ त्या डब्यात जात नाही. बाकी कोणाच्या डब्यासाठी ते असं करत नाहीत. ज्वारी मिसळली, तर त्यांच्या मुलीची पोळी तुटते.'"

जितेंद्र थांबला. चंपतरावांनी टेबलावरचे पांढरे हात हळूच खाली घेतले. त्यांना लाज वाटली. आणि त्या लाजेच्याही खाली, हे कोणीतरी पाहिलं होतं याचं फार बरं वाटलं.

"हे तिले कोणं सांगितलं?"

"कोणी कशाले सांगते, काका. रविवारी ती चक्कीवर बसते न तुमच्यासंग?"

मग चंपतरावांनी विचारलं, "गोष्टीत तो दार कधी उघडते?"

"उघडलंच नाही. सात भाग झाले. दोनशे लोक खाली मागे लागले आहेत, दार उघडा म्हणून. सगळ्यायले तिचं एकच उत्तर आहे." जितेंद्रनं ते वाचून दाखवलं. "'त्यांच्याच्यानं होत नाहीये. मी जबरदस्ती करणार नाही.'"

चंपतरावांनी मान खाली घातली.

"तुम्ही लायक आहे का विचारलं होतं," जितेंद्र म्हणाला. "दुसरी असती तं पहिल्याच भागात दार उघडून, रडवून मोकळी झाली असती. हे लायक आहे, काका. आता मिटवाचं तं मिटवा."

त्यानं मोबाइल त्यांच्याकडे सरकवला. चंपतरावांनी तो उचलला नाही.

"तिथं खाली आपल्यालेही लिहिता येते का?"

"येते."

"नाव दिसते का?"

"माझ्या मोबाइलवरून लिहू. तुमचं नाही दिसत."

"मंग लिही."

जितेंद्रनं आपला मोबाइल काढला, ती गोष्ट शोधली आणि वाट पाहत बसला.

"लिही, बाकी सगळं बराबर हाये. चक्कीचंही बराबर हाये. एकच चुकलं." चंपतराव म्हणाले. "कडी त्यानं लावलीच नव्हती. दार नुसतं लोटलं होतं. बाहेरून कोणी ढकलूनच नाही पाह्यलं."